डोळ्यांची हालचाल आणि जर्दाळूचे झाड

१९८७ सालच्या वसंतात कॅलिफोर्नियातील एका उद्यानात फ्रान्सिन शापिरो नावाच्या मानसशास्त्राच्या अभ्यासक फिरत होत्या. मनात काही त्रासदायक विचार घोळत होते. चालता चालता त्यांच्या ध्यानात आले, की ते विचार आपोआप विरले आहेत आणि ते विरत असताना आपले डोळे वेगाने इकडून तिकडे फिरत होते. मग त्यांनी एकेक दुखरी आठवण मुद्दाम मनात आणली आणि डोळे तसेच हलवून पाहिले. पुन्हा तोच अनुभव आला. आज 'ईएमडीआर' या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या उपचारपद्धतीची ही जन्मकथा. आजचा धागा तिच्याविषयी आणि तिच्यावरून पेटलेल्या वादाविषयी.

मित्रहो, अशा जन्मकथा इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा जपूनच स्वीकाराव्यात. या प्रसंगाची साक्षीदार एकच, आणि तीही स्वतः संशोधिका. जेराल्ड रोझेन या मानसशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये नेमकी इथेच शंका घेतली: डोळ्यांच्या इतक्या जलद हालचाली माणसाला स्वतःच्या स्वतःला जाणवतात तरी का?

काळ मात्र या शोधाला अनुकूल होता. पहिल्या महायुद्धात ज्याला 'शेल शॉक' म्हटले गेले, त्या जातीच्या यातनेला अमेरिकन मनोविकारशास्त्राने 'आघातोत्तर तणाव विकार' हे अधिकृत नाव दिले ते १९८० मध्ये. व्हिएतनामहून परतलेले सैनिक आणि लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्ती यांच्या दुःखाला नाव मिळाले होते. उपाय मात्र तोकडे होते. अशा वेळी, १९८९ मध्ये, शापिरो यांनी २२ जणांवरील आपला प्रयोग प्रसिद्ध केला आणि एकाच बैठकीत आठवणीची धार बोथट होते असा दावा केला. उपचार करणारी आणि परिणाम मोजणारी व्यक्ती एकच होती, हा त्या प्रयोगातील उघड दोष. टीकाकारांनी तो सोडला नाही.

पद्धत वरवर पाहता विलक्षण साधी आहे. रुग्णाने त्या प्रसंगाचे सर्वांत विदारक चित्र मनात धरायचे, त्या क्षणाने स्वतःविषयी रुजवलेली समजूतही ('मीच दोषी आहे', 'मी असहाय आहे') आठवायची आणि त्याच वेळी उपचारकाच्या डावीउजवीकडे फिरणाऱ्या दोन बोटांचा नजरेने पाठलाग करायचा. काही सेकंदांनी थांबायचे, मनात काय उमटले ते सांगायचे, पुन्हा सुरू करायचे. त्रास किती उरला हे ० ते १० या पट्टीवर रुग्ण स्वतःच सांगतो. या टप्प्याच्या आधी बरीच पूर्वतयारी असते, हे मुद्दाम नोंदवतो. आरशासमोर उभे राहून डोळे फिरवण्याचा हा उद्योग नव्हे.

१९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीतील बाँबस्फोटात १६८ माणसे मेली, तेव्हा या पद्धतीचे उपचारक तिथे धावून गेले. पुढे २००१ च्या भूज भूकंपानंतर भारतीय उपचारकांनाही तिचे प्रशिक्षण मिळाले.

विद्यापीठीय जगात मात्र संशय धुमसत होता. हार्वर्डचे रिचर्ड मॅकनॅली यांनी १९९९ मध्ये ईएमडीआरची तुलना थेट मेस्मरच्या चुंबकोपचाराशी केली. ही तुलना इतकी बोचरी का ठरली, हे कळण्यासाठी १७८४ च्या पॅरिसला जावे लागते.

फ्रान्झ मेस्मर या वैद्याचा दावा असा, की सर्व जीवांतून एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो आणि त्याचा प्रवाह मोकळा केला की व्याधी पळतात. पॅरिसचे उच्चभ्रू त्याच्या दारी लोटले. सोळाव्या लुईने चौकशी आयोग नेमला. त्यात बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि ज्याचे नाव पुढे एका यंत्राला चिकटले तो डॉक्टर गिलोटिनही होता. फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरच्या एका शिष्याने जर्दाळूचे एक झाड 'भारले'. मग सुमारे बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेण्यात आले. चौथ्या झाडाशी तो बेशुद्ध पडला. भारलेले झाड तिथून बरेच दूर होते! द्रव नाही, आहे ती केवळ कल्पनाशक्ती, असा निर्वाळा आयोगाने दिला.

प्रयोग देखणा होता, यात वाद नाही. पण माझ्या मते आयोगाने एक प्रश्न जाणूनबुजून बाजूला ठेवला. काही रुग्णांना आराम पडत होता, त्याचे काय? त्या बऱ्या होण्याची छाननी करायची नाही, असे आयोगाने आधीच ठरवले होते. 'उपयोग होतो का' आणि 'कशामुळे होतो' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १८४० च्या दशकात जेम्स ब्रेड याने द्रवाची कल्पना टाकून देऊन उरलेल्या अनुभवाचा अभ्यास केला, आणि त्यातून 'हिप्नॉटिझम' उभे राहिले.

ईएमडीआरचा वादही याच दोन प्रश्नांच्या गल्लतीत अडकला. समर्थक बरे झालेले रुग्ण दाखवत. टीकाकार म्हणत, गुण येतो तो भयप्रद आठवणीला सुरक्षित वातावरणात सामोरे गेल्यामुळे, आणि हा उपाय तर जुनाच आहे. डोळे हलवून आणि न हलवता केलेल्या उपचारांची तुलना हीच इथली जर्दाळूची बाग. २००१ मध्ये डेव्हिडसन आणि पार्कर यांनी अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा हालचालीने विशेष भर पडत नाही असे दिसले. २०१३ मध्ये ली आणि काउपर्स यांच्या तशाच तपासणीत भर पडते असे आढळले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आघातोत्तर तणावासाठी या पद्धतीची शिफारस केली. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी मिळाले. दुसऱ्यावर भांडण चालूच राहिले.

त्या दुसऱ्या प्रश्नाला आज सर्वाधिक मानले जाणारे एक उत्तर कार्यस्मृतीचे आहे. मनात एका वेळी मावणारा ऐवज मर्यादित असतो. आठवण धरून ठेवताना नजरही राबवावी लागली, तर चित्र फिके पडते आणि फिके होऊनच पुन्हा साठवले जाते. नेदरलँड्समधील व्हॅन डेन हाउट व सहकाऱ्यांना असे दिसले, की आलटून पालटून कानांत वाजणारे सौम्य आवाज डोळ्यांच्या हालचालीइतके परिणामकारक नाहीत. उलट मनातल्या मनात आकडेमोड केली, तरी आठवण फिकी होते. हे खरे मानले तर मेंदूच्या दोन गोलार्धांच्या समतोलाची लोकप्रिय कथा मेस्मरच्या द्रवाच्या वाटेने जाते. उपचार मात्र जात नाही.

२०१९ मध्ये कोरियातील संशोधकांनी 'नेचर'मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला: डावीउजवीकडे सरकणारा प्रकाश दाखवल्यावर त्यांची शिकलेली भीती ओसरली, आणि त्यामागील चेताजाल नजरेच्या नियंत्रणात भाग घेणाऱ्या मेंदूच्या केंद्रापासून सुरू होत होते. त्याच वर्षी जून महिन्यात शापिरो निवर्तल्या.