अँटिसॅकेड चाचणी

अँटिसॅकेड चाचणी ही डोळ्यांच्या ऐच्छिक हालचाली आणि आपोआप होणारी प्रतिक्रिया आवरण्याची क्षमता यांच्या अभ्यासासाठी वापरली जाणारी चाचणी आहे. एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूकडे नजर झटकन वळण्याच्या हालचालीस ‘सॅकेड’ म्हणतात. पीटर हॅलेट यांनी १९७८ मध्ये ही चाचणी मांडली.

पद्धत

व्यक्ती पडद्याच्या मध्यबिंदूवर नजर स्थिर ठेवते. एका बाजूस अचानक प्रकाशाचा ठिपका उमटतो. त्याकडे न पाहता विरुद्ध बाजूस, तेवढ्याच अंतरावर नजर न्यायची असते. तेथे पाहण्याजोगे काहीच नसते. ठिपक्याकडे नजर वळण्यास सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. विरुद्ध बाजूस वळण्यास त्याहून अधिक वेळ लागतो.

मेंदूतील कार्य

या कृतीचे दोन भाग आहेत : ठिपक्याकडे ओढली जाणारी नजर रोखणे आणि केवळ सूचनेच्या आधारे नवी हालचाल घडवणे. नजर वळवण्याचा आदेश मुख्यतः मध्यमस्तिष्कातील सुपीरियर कॉलिक्युलस आणि ललाट खंडातील नेत्रक्षेत्र यांतून मस्तिष्क स्तंभाकडे जातो. माकडांवरील प्रयोगांत असे आढळले की, अँटिसॅकेडची सूचना मिळताच, ठिपका उमटण्यापूर्वीच, या दोन्ही भागांतील सॅकेड घडवणाऱ्या चेतापेशींची सक्रियता घटते. ती पुरेशी न घटल्यास नजर ठिपक्याकडे जाते. म्हणजेच संयमाची तयारी प्रलोभन दिसण्याआधीच व्हावी लागते.

ललाट खंडाला इजा झालेल्या रुग्णांना नजर रोखणे कठीण जाते, असे गिटन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवले.

चुकांचा अर्थ

निरोगी प्रौढांकडूनही काही चुका होतात. लहान मुलांत त्यांचे प्रमाण अधिक असते आणि किशोरवयापर्यंत ते कमी होत जाते. छिन्नमनस्कता, पार्किन्सन व अल्झायमर या विकारांत चुका वाढलेल्या आढळतात. चुकलेली नजर बहुधा लगेच योग्य बाजूस वळते. यावरून सूचना समजली होती, उणीव आवरण्यात होती, हे स्पष्ट होते.

मर्यादा

अनेक विकारांत सारख्याच चुका दिसत असल्याने केवळ या चाचणीवरून कोणत्याही विकाराचे निदान करता येत नाही.