घरगुती मद्यनिर्मिती आणि राज्यसत्ता : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

मध, गूळ, फळे वा धान्य आंबवून घरीच पेय तयार करणे हा पाश्चात्त्य देशांत आज एक छंद मानला जातो. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्या वापरापुरती बिअर तयार करण्यास परवाना लागत नाही. जालना जिल्ह्यात मात्र हीच कृती विनापरवाना केल्यास गुन्हा ठरते. हा भेद केवळ नैतिक धारणांतून निर्माण झाला, की त्यामागे राज्याच्या महसुलाचाही इतिहास आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

प्राचीन संकेत

कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्ष हा मद्याची निर्मिती व विक्री यांवर नियंत्रण ठेवतो. तथापि, कुटुंबवत्सल गृहस्थांना उत्सवप्रसंगी श्वेतसुरा व औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा तेथे दिलेली आहे. कवठ, काकवी व मध यांपासून करावयाच्या आसवाचे प्रमाणही त्यात आढळते. म्हणजेच राज्याची मक्तेदारी मान्य करूनही घराचा अधिकार पूर्णतः नाकारलेला नव्हता.

निजामकालीन अबकारी

१९४८ पर्यंत जालना हा हैदराबाद संस्थानाचा भाग होता. येथे १८२७ मध्ये लष्करी छावणी स्थापन झाली होती. संस्थानात अबकारी ही उत्पन्नाची महत्त्वाची बाब होती व दारूचे हक्क गुत्त्याने दिले जात. गुत्तेदाराने एकाधिकार विकत घेतल्यावर मोहाची घरगुती भट्टी ही त्याच्या उत्पन्नाची चोरी ठरणे क्रमप्राप्त होते. येथे निषेधाचे कारण मद्यपान नसून महसूल होता, ही बाब लक्षणीय आहे.

दारूबंदी कायदा व आसव-अरिष्टे

१९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. त्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा या भागालाही लागू झाला. त्यातील 'दारू' या संज्ञेत बिअर, वाइन, ताडी व अल्कोहोलयुक्त सर्व द्रवांचा समावेश आहे. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्कोहोलयुक्त औषधी व प्रसाधने यांच्यावरील निर्बंध अवैध ठरविले. पुढे कायद्यातही औषधी द्रव्यांसाठी सवलत आली. आसव-अरिष्टे गूळ वा मध आणि धायटीची फुले घालून आंबविली जातात आणि त्यांत अल्कोहोल आपोआप निर्माण होते. प्रक्रियेच्या दृष्टीने ती मधाच्या मद्याची जवळची नातलगच होत. कौटिल्याच्या दोन सवलतींपैकी औषधाची टिकली, उत्सवाची लोपली.

दरम्यान, शेजारच्या छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत परवानाधारक बिअर कारखाने उभे राहिले. परवाना हाच वैधतेचा निकष झाला.

निष्कर्ष

निर्बंधांमागील सुरक्षिततेचा मुद्दा दुर्लक्षिता येणार नाही. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. परंतु ती मिथेनॉलमिश्रित विक्रीची दारू होती. घरच्या वापरासाठी मध वा फळे आंबविणे ही भिन्न क्रिया आहे. कायदा हा भेद करीत नाही. याचा परिणाम इतिहासलेखनावरही झाला आहे. घरगुती पेये शासकीय दप्तरात प्रामुख्याने 'हातभट्टीचे गुन्हे' म्हणूनच नोंदली जातात. ती करणाऱ्यांचे ज्ञान, सणवार व चव यांना तेथे स्थान नाही. ग्रामीण वृद्ध व परंपरागत वैद्य यांच्या आठवणींचे मौखिक संकलन महाविद्यालयीन इतिहास विभागांनी वेळीच हाती घेतले नाही, तर या इतिहासाचे एकमेव साधन आरोपपत्रेच उरतील.