सोन्या बोका आणि बैलघोड्याची वाट

आमच्या रेवसला मांजर 'पाळलं' असं कुणी म्हणत नाही. ते घरात असतं, एवढंच. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की जाळी गुंडाळून माळ्यावर जायची, आणि माळ्यावर उंदीर. एका रात्रीत उंदीर जाळ्याला असं भोक पाडायचे की विणायला दोन दिवस बसावं लागे. खाली कणगीत भात, वर टांगलेले सुके बोंबील, सुकट. या सगळ्यावर राखण एकट्या मांजराची. त्याबद्दल त्याला माशाचं डोकं आणि चुलीशेजारची जागा. आजारी पडलं तर ते आपणहून कुठेतरी जाऊन मरायचं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही आहे, असं कुणाच्या मनात येत नसे.

आमच्या सोन्या बोक्याचंही तसंच झालं असतं. पण तो आत्याचा होता.

आत्या वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आली ती आमच्याकडेच राहिली. सोन्याला तिने बोटाएवढा असताना वलांडीखालून उचलून आणला होता. 1988 सालच्या आषाढात एका सकाळी सोन्या मागच्या पडवीत बसून कण्हायला लागला. लघवीला बसल्यासारखा बसायचा, जोर करायचा, थेंब नाही. संध्याकाळी ओकला. दुसऱ्या दिवशी पाण्यालाही तोंड लावेना. आत्याने पोटाला हात लावला आणि मला म्हणाली, "बघ रे, आत लिंबू असल्यासारखं लागतंय." मी तेव्हा कॉलेजात होतो. विज्ञान शिकत होतो म्हणून घरात मला सगळ्या आजारांची माहिती असायला हवी, असा समज होता. मला काही कळलं नाही. पण मूत अडलं तर माणूस किती दिवस जगेल, हे घरात सगळ्यांनाच कळत होतं.

मच्छीच्या टोपलीत गोणपाट घालून सोन्याला ठेवला, वर दुसरी टोपली बांधली आणि एसटीने गुरांच्या दवाखान्यात गेलो. कुठल्या गावचा ते सांगत नाही. डॉक्टर वाईट नव्हते. टोपली उघडताच मात्र हसले. "अहो, हा गुरांचा दवाखाना आहे. मांजराला मी काय देऊ? घरी न्या. फार तर इंजेक्शन देऊन शांत करतो, हाल वाचतील."

मी टोपली बांधायला घेतली. आत्या जागची हलली नाही.

"डॉक्टरसायेब, बैलाचं मूत अडतं का?"

"अडतं की. खडा अडकतो."

"मग तवा काय करता?"

"कधी कापून काढतो."

"बैलाला खडा होतो, तर ह्याला का होनार नाय? बैल मोठा म्हणून त्याला डॉक्टर, ह्यो लहान म्हणून ह्याला सुई?"

डॉक्टर गप्प झाले. मग त्यांनी हात धुतले, सोन्याच्या पोटावर बोटं ठेवली आणि त्यांचा चेहराच बदलला. "फुगा गच्च भरलाय. हा उद्यापर्यंत राहणार नाही." मांजराच्या मापाची बारीक नळी त्यांच्याकडे नव्हती. खरं तर त्यांच्या कपाटात मांजराच्या मापाचं काहीच नव्हतं. त्यांनी बारीक सुई पोटातून थेट मूत्राशयात घालून साठलेलं पाणी ओढून घेतलं. लाल, गढूळ. "यानं एक दिवस मिळाला," ते म्हणाले. "पुन्हा भरेल. वाचवायचा असेल तर परळला न्या. बैलघोड्याला." आणि चिठ्ठी लिहून दिली.

डॉक्टरांच्या त्या हसण्याचा मला बरीच वर्षं राग होता. पुढे वाचायला लागलो तेव्हा तो हळूहळू गेला. तो एका माणसाचा दोष नव्हता, त्या सगळ्या विद्येची घडणच तशी होती. जनावरांच्या वैद्यकाचं पहिलं आधुनिक कॉलेज 1761 साली फ्रान्समधल्या लिओं शहरात क्लोद बुर्जेला या घोड्यांच्या जाणकाराने काढलं. त्यामागे मोठी निकड होती ती गुरांच्या साथीची, आपल्याकडे जिला बुळकांडी म्हणतात तिची. आपल्या देशातही तेच. बुळकांडीने गुरं पटापट मरायला लागली तेव्हा इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला, 1871 साली त्याचा अहवाल आला. 1889 साली पुण्याला जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा निघाली, ती चार वर्षांनी हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. लष्कराला घोडे हवेत, शेतकऱ्याला बैल हवा, सरकारला शेतसारा हवा. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत यांच्यासाठी लसी आल्या, गावोगाव दवाखाने आले. हे काम थोर आहे. बुळकांडी 2011 साली जगातून कायमची गेली. माणसाची देवी सोडली तर असा समूळ गेलेला दुसरा रोग नाही. पण या सगळ्या हिशेबात मांजर कुठल्याच खान्यात बसत नव्हतं. त्याला ना दूध, ना ओढ, ना बाजारभाव.

तर चिठ्ठी मिळाली, पण परळ खाडीपलीकडे. रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच पावसाळ्यात बंद. दुसरी वाट म्हणजे तरीने करंजा, तिथून उरण, मग मोऱ्याहून लाँच. वडील म्हणाले, "मी आणि पोरगा जातो. तू ऱ्हा." आत्या काही बोलली नाही. आत जाऊन लुगडं बदलून आली आणि टोपली उचलून दारात उभी राहिली.

घरात एकदम शांत झालं. का, ते रेवसच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण इतरांसाठी लिहितो. 17 जुलै 1947 रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता तेव्हा, भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट सकाळी रेवसकडे निघाली. गटारीचे दिवस, गावाकडे येणाऱ्यांची गर्दी. रेवसच्या अलीकडे काशाच्या खडकाजवळ वादळात बोट कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. मासेमारीच्या होड्यांनी काहींना वर काढलं. कित्येकांची प्रेतं पुढे किनाऱ्याला लागली, कित्येकांची लागलीच नाहीत. आमचे आजोबा त्या बोटीवर होते. ते लागले नाहीत. आत्या तेव्हा बारा वर्षांची, वडील चारचे. आत्याने आजीबरोबर तीन दिवस बंदरावर बसून वाट पाहिली होती. त्यानंतर एकेचाळीस वर्षं तिने पावसाळ्यात पाण्यावर पाय ठेवला नव्हता. सख्ख्या मावशीच्या मयताला उरणला जायचं होतं, तेव्हाही ती वडखळवरून रस्त्याने गेली होती.

वडील एवढंच म्हणाले, "अक्का, मांजर हाय ते."

"माझ्या बापाला कोन आणायला गेला नाय," आत्या म्हणाली. "ह्याला मी नेतंय."

तरीत बसताना तिने डोळे मिटले ते करंजाला उघडले. मोऱ्याला बावटा नव्हता, लाँच चालू होती. काशाचा खडक आमच्या वाटेवर नव्हता, पण पाणी तेच होतं. लाँच हलायला लागली की बाया देवाचं नाव घेत होत्या. आत्या टोपलीच्या भोकातून बोट आत घालून बसली होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. धक्क्यावर उतरलो, डॉकयार्ड रोडला गाडी धरली, शिवडीला उतरून टॅक्सी केली. टॅक्सीवाल्याला हॉस्पिटलचं खरं नाव सांगितलं तर कळेना. बैलघोडा म्हटल्यावर लगेच निघाला.

खरं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं हॉस्पिटल. 1874 साली मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, आणि त्याच वर्षी जनावरांचे हाल थांबवणारी मंडळीही स्थापन झाली. हा योगायोग असेल, पण बोलका आहे. रस्त्यावर बैल आणि घोडे ओझ्याखाली कोसळायचे. मालकाला दंड केला तरी जखमी जनावर न्यायचं कुठे, हा प्रश्न उरायचा. म्हणून 1883 साली गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला हॉस्पिटल उभं राहिलं, त्याला त्यांच्या पत्नीचं नाव मिळालं. तीन वर्षांनी, 1886 साली, शेजारीच जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज निघालं. रुग्ण कोण होते ते लोकांनी ठेवलेल्या नावातच आहे. बैल आणि घोडा. मांजर तिथेही मागून आलं. पण तिथे पहिल्यापासून एक गोष्ट होती : जनावर दुखणाईत आहे एवढं कारण त्याला आत घ्यायला पुरे होतं.

चिठ्ठी वाचून तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "रेवसहून आलात? मांजर घेऊन?" त्यांच्या आवाजात हसणं नव्हतं. सोन्याला गुंगी दिली, बारीक नळी घातली, आत साचलेला वाळूसारखा कचरा पाण्याने धुऊन काढला. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं ते मला अजून आठवतं. बोक्याची मूत्रनळी टोकाशी फार अरुंद असते. तिथे बारीक कण अडकले की मूत तुंबतं, तुंबलेलं विष रक्तात जातं, आणि शेवटी हृदय थांबतं. मांजर मुळात पाणी कमी पितं. त्याला कोरडं, खारट खायला घालू नका, कालवण द्या. आत्या शरमली. सुकटीचा सगळ्यात मोठा वाटा ती त्यालाच घालायची.

चार दिवस सोन्या तिथे होता. आम्ही लालबागला नातेवाइकांच्या चाळीत राहिलो. चाळीत ज्याला त्याला कळलं, आणि ज्याने त्याने विचारलं, "मांजरासाठी?" आत्या प्रत्येकाला तेच सांगायची, "व्हय, मांजरासाठी."

त्याच परळात, चालत जाण्याच्या अंतरावर हाफकिन संस्था आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला, आणि वाल्देमार हाफकिन यांनी जानेवारी 1897 मध्ये आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली, ही गोष्ट शाळेत ऐकली होती. तिची मांजराशी सांगड मात्र मला फार पुढे कळली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पक्कं झाल्यावर अँड्र्यू ब्यूकॅनन नावाचा एक इंग्रजी लष्करी डॉक्टर, जो वऱ्हाडात अमरावतीला होता, मांजराची वकिली करायला उभा राहिला. ज्या गावात घरोघर मांजरं, तिथे प्लेग कमी, असं त्याचं म्हणणं. 1908 साली त्याने यावर विलायतेच्या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. त्याचं गणित कितपत खरं हा तज्ज्ञांचा विषय, मांजरालाही प्लेग होऊ शकतो. पण सरकारी कागदावर मांजराची बाजू कुणीतरी एकदा मांडली होती. उपयोग दाखवून का होईना.

आत्याने उपयोग दाखवला नव्हता. दवाखान्यात तिने जाळ्यांचं नाव काढलं नाही, उंदरांचं नाही. बैलाला दुखतं तसं ह्याला दुखतं, एवढंच तिचं म्हणणं.

परतताना आम्ही त्या दवाखान्यात थांबलो. सोन्याला टोपलीतून काढून आत्याने टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी त्याच्या पोटावरून हात फिरवला, परळच्या कागदावरचं सगळं दोनदा वाचलं, आणि नळीचं माप आपल्या वहीत उतरवून घेतलं.

सोन्या आणखी अडीच वर्षं जगला. मग थंडीत एका रात्री त्याचं मूत पुन्हा अडलं. आम्हाला सकाळी कळलं, दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली, आणि टेबलावरच तो गेला. डॉक्टरांच्या हातात तेव्हा बारीक नळी होती. कपाटात मांजराच्या मापाची दोन पाकिटं होती, त्यांनी स्वतःच्या पैशाने मुंबईहून मागवलेली. एक उघडलेलं, एक तसंच.

ते दुसरं पाकीट पुढच्या पावसाळ्यात बोडणीच्या एका बाईच्या बोक्याला लागलं. तो वाचला. बातमी आत्याला बाजारात कळली. घरी येऊन तिने मासळीची पाटी खाली ठेवली, पाणी प्याली, आणि मला म्हणाली, "बघ, परळला जावं नाय लागलं तिला."