सहा तारांचा खर्ज

परवा नातवाचा फोन आला. "आजी, मला बेस गिटार घ्यायची आहे. सहा तारांची. घरातच वाजवणार, स्टेजबिज काही नाही. थोडे पैसे मी साठवलेत, थोडे तू घाल. फार महागातली नको."

मी म्हटलं, "अरे, गिटारला सहाच तारा असतात ना? मग ही वेगळी कसली?"

तिकडून एक मोठा सुस्कारा ऐकू आला. मग तो म्हणाला, "बेसला चार असतात, आजी. सहावाली वेगळी."

जन्मभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे असेल, पण कुठल्याही वस्तूची कुळकथा कळल्याशिवाय माझ्या हातून पैसे सुटत नाहीत. आठवडाभर वाचत बसले, नातवाने पाठवलेलं ऐकलं. आणि एक गंमत लक्षात आली. हा इतिहास माहीत नसेल तर माणूस दुकानात जाऊन चक्क भलतंच वाद्य घेऊन येईल! म्हणून हा लेख.

सुरुवात डबल बेसपासून करायला हवी. माणसाहूनही उंच, उभ्याने वाजवायचं ते लाकडी धूड. आपल्याकडच्या सिनेसंगीताच्या ध्वनिमुद्रणाच्या जुन्या फोटोंत मागच्या रांगेत दिसतं. त्याला तारा चार. आवाज खर्जातला, पण जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदात तो बुडून जाई आणि गावोगावी नेताना वाजवणाऱ्याचे हाल होत. त्यावर उपाय म्हणून सिएटलच्या पॉल टुटमार्कने 1930च्या दशकात विजेवर चालणारा, हातात धरून वाजवायचा बेस केला, पण तो फारसा चालला नाही. चालला तो कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरचा, 1951 साली आलेला. हे फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे! त्यांनी बेसला सतारीसारखे पडदे दिले. बोट पडद्यामागे टेकलं की सूर अचूक, म्हणून नावच ठेवलं 'प्रिसिजन'. तारा मात्र चारच ठेवल्या, कारण नजरेसमोर डबल बेस होता.

मग सहा तारा आल्या कुठून? इथे मला ज्यांच्याबद्दल लिहायचंय ते गृहस्थ येतात. नॅथन डॅनियल. न्यू जर्सीत त्यांचा 'डॅनइलेक्ट्रो' नावाचा कारखाना होता. त्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सीअर्स ही टपालाने माल विकणारी कंपनी. सीअर्सच्या जाडजूड कॅटलॉगात कपडे, पंप, शिवणयंत्रं आणि त्यांच्याच शेजारी गिटार. म्हणजे घेणारा कोण, तर शेतावरचा किंवा गिरणीगावातला मुलगा. वाद्य त्याच्या बापाच्या खिशाला परवडायला हवं.

डॅनियलनी काय केलं पाहा. गिटारचं अंग अख्ख्या लाकडाचं न करता साध्या लाकडाची चौकट केली आणि वरून-खालून मेसोनाइट ठोकलं. मेसोनाइट म्हणजे आपलं हार्डबोर्ड हो! लाकडाच्या ढलप्या वाफेने फुलवून, दाबून केलेला तक्ता. कडा झाकायला रेक्झिनसारखी पट्टी चिकटवली. आणि तारांची थरथर टिपणारं जे लोहचुंबकाचं पिकअप असतं, ते बसवलं लिपस्टिकच्या नळीत. खरोखरच्या लिपस्टिकच्या नळीत! नळ्या तयार मिळत होत्या, धातूच्या होत्या, चकचकीत होत्या. 1956 साली याच पद्धतीने त्यांनी सहा तारांची बेस गिटार काढली. स्वर नेहमीच्या गिटारचेच, फक्त अख्खं सप्तक खाली.

हे ऐकून कोणीही नाक मुरडेल. हार्डबोर्ड आणि लिपस्टिक! पण नॅशव्हिलच्या स्टुडिओंत हे वाद्य आवडीने वाजू लागलं. डबल बेस जे वाजवेल तेच ही गिटार तारा किंचित दाबून, नखीने टिकटिक वाजवायची. त्यामुळे खर्जाला धार यायची. या प्रकाराला नावच पडलं 'टिकटॅक बेस'. पॅट्सी क्लाइनच्या 1961 सालच्या 'क्रेझी' या प्रसिद्ध गाण्यात सहा तारांचा बेस आहे, तो हॅरोल्ड ब्रॅडली यांनी वाजवलेला. त्याच वर्षी फेंडरनीही आपलं सहा तारांचं वाद्य आणलं, 'बेस सिक्स'. पुढे पॉल मॅकार्टनी पियानोवर बसले की बीटल्समधले लेनन किंवा हॅरिसन ते हाती घेत.

हे झालं पहिलं घराणं. त्याचं मूळ गिटारमध्ये. तारा जवळजवळ, मान अरुंद, तारेची लांबी सुमारे 30 इंच.

दुसरं घराणं न्यूयॉर्कचं. अँथनी जॅक्सन हा 1952 साली जन्मलेला बेसवादक. त्याचा प्रश्न शाळेतल्या हुशार मुलासारखा होता. हे वाद्य बांधणीने गिटारच्या कुळातलं आहे, तर मग चारच तारा का? चार ही डबल बेसची उसनवारी झाली. त्याने कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून 1975 साली सहा तारांचा बेस करून घेतला. यात चार नेहमीच्या तारांच्या खाली आणखी एक जाड तार आणि वर आणखी एक बारीक तार. खालच्या तारेचा स्वर सेकंदाला सुमारे 31 कंपनांचा. चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा स्वर 41चा असतो. जॅक्सनचं एवढ्यावर समाधान झालं नाही. तारांतलं अंतर वाढव, मान रुंद कर असं करत करत पुढे ब्रुकलिनच्या फोडेरा कारखान्यात त्याने 36 इंची तारेचं वाद्य घडवून घेतलं.

म्हणजे बघा, नाव दोघांचंही 'सिक्स स्ट्रिंग बेस', पण पहिलं म्हणजे खाली उतरलेली गिटार आणि दुसरं म्हणजे दोन्हीकडे वाढलेला बेस. मी नातवाला विचारलं, "तुला कुठलं हवंय?" तो गप्प! मग म्हणाला, "दुसरं. पण दुकानाच्या यादीत मी पहिलंच बघून ठेवलं होतं. ते स्वस्त दिसलं म्हणून."

इतिहासाचा काही उपयोग नसतो म्हणणाऱ्यांसाठी हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

आता स्वस्ताईकडे. जॅक्सनच्या वाद्यासारखं हाती घडवलेलं वाद्य आजही आपल्या आवाक्याबाहेरचं. पण पुढे जपानी कंपन्यांनी हे प्रकार कारखान्यात आणले. नागोयाच्या होशिनो कंपनीची 'आयबानेझ' 1987 पासून 'साउंडगियर' नावाचे सडपातळ बेस काढते आहे. त्यांत सहा तारांचेही असतात आणि त्यांच्याच 'जिओ' या स्वस्त मालिकेतही सहा तारांचे निघाले. पहिल्या घराण्याचा फेंडर बेस सिक्ससुद्धा 'स्क्वायर' या त्यांच्या स्वस्त छापाखाली 2013 पासून मिळू लागला. काम इंडोनेशिया, चीन इथल्या कारखान्यांत.

इथे माझ्यातली इतिहासाची बाई थोडी अडखळते. डॅनियलनी पैसे वाचवले ते लाकडात आणि नळ्यांत. आज ते पुष्कळदा मजुरीत वाचतात. कोरियातली 'कॉर्ट' कंपनी इतर नामांकित कंपन्यांसाठीही गिटारी बनवायची. तिने 2007 साली तिथले कारखाने बंद केले. कामगार झगडत राहिले आणि तडजोड झाली ती 2019 साली. बारा वर्षं! स्वस्त वस्तू घेऊ नये असं मी म्हणत नाही, आपल्यासारख्यांना दुसरा मार्ग नसतो. पण किंमत कमी कशामुळे झाली, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

हाच प्रश्न दुकानातही विचारायचा. काय गाळलं आहे? हार्डबोर्डचं अंग चालेल, साधा रंग चालेल. गाळून चालत नाही ते तारेच्या बाबतीत. फ्रान्सच्या मेर्सेन या पाद्र्याने 1636 सालीच मांडून ठेवलंय की तारेचा स्वर तिची लांबी, ताण आणि वजन या तिघांवर ठरतो. खाली उतरायचं तर तार लांब करा, जाड करा किंवा सैल सोडा. सैल सोडली की ती भोंगळ वाजते. स्वस्त सहातारीची सगळी परीक्षा या सर्वांत जाड तारेवर होते. म्हणून नातवाला सांगितलं, त्या तारेवर पाचव्या पडद्यावर बोट ठेव आणि शेजारची तार मोकळी वाजव. स्वर एकच यायला हवा, आणि आवाजाचा पोतही जवळपास सारखा हवा. मग प्रत्येक तार बाराव्या पडद्यावर दाबून पाहा, बरोबर वरचं सप्तक लागतं का. मान सरळ आहे का ते डोळा लावून पाहा, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड हलतं. मानेतली सळई फिरवून ती सरळ करता येते ना, हेही विचार. मान पंजात मावते का, खांद्याला वजन झेपतं का, हे बसून आणि उभं राहून बघ. सहा तारांचा जोड चारांपेक्षा महाग पडतो, तोही हिशेबात धर. आणि मोठा अँप्लिफायर नको. घरगुती छोट्या स्पीकरला 31 कंपनं झेपतच नाहीत. वरचे उपस्वर ऐकून खालचा स्वर आपलं मनच भरून काढतं. त्यापेक्षा चांगला हेडफोन घे, शेजारीही दुवा देतील.

आता हे सगळं मी इतक्या हिरिरीने का वाचलं, तेही सांगते. नातवाच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, नववीत असताना गिटार मागितली होती. बाजारात एक अगदी साधी होती, तेवढे पैसेही होते. मी म्हटलं, "घ्यायची तर चांगली घेऊ, स्वस्तातली कशाला? दिवाळीनंतर बघू." शिक्षकाच्या पगारात ती दिवाळी काही आली नाही, आणि त्यानेही पुन्हा विचारलं नाही. मला तेव्हा वाटलं होतं की मी दर्जाचा आग्रह धरते आहे. सीअर्सच्या कॅटलॉगातून हार्डबोर्डची गिटार घेऊन देणारी अमेरिकेतली एखादी आई माझ्यापेक्षा शहाणी होती, एवढंच आता म्हणते.

असो. पैसे पाठवले. नातू वडिलांना घेऊन दुकानात गेला, दोन वाद्यं परत ठेवली, तिसरं पसंत पडलं. वापरलेलं, पण मान सरळ. रविवारी ते इकडे घेऊन आले. हेडफोन काढून त्याने एकदाच ती जाड तार मोकळी वाजवून दाखवली, तर मांडणीवरची स्टीलची ताटं झणझणली. जेवण झाल्यावर नातू झोपला. मी आवराआवर करून बाहेर आले तेव्हा मुलगा हेडफोन लावून, खाली मान घालून, एकेक तार छेडत बसला होता. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी दिवा तसाच ठेवला.