धुराच्या वाटेचं गणित

खाणीला आग लागली की जाळापेक्षा धूरच जास्त बळी घेतो. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या सनशाइन या चांदीच्या खाणीत २ मे १९७२ रोजी दुपारच्या सुमारास धूर दिसला, तेव्हा खाली १७३ कामगार होते. ९१ जण दगावले. ताजी हवा येणाऱ्या बोअरजवळ तगून राहिलेले दोघे आठवड्याने जिवंत सापडले. दगावलेल्यांपर्यंत विषारी कार्बन मोनॉक्साइड पोचवायला हातभार लावला तो खाणीच्याच पंख्यांनी.

धूर कुठे जाणार हे आधी कळेल का? या गणिताचं मूळ आगीत नाही, हवेत आहे. आणि थोडं पाण्यातही. बोगद्यातून दुप्पट हवा न्यायची तर दाब चौपट लागतो, हे जॉन जॉब ॲटकिन्सन यांनी इंग्लंडमध्ये १८५४ साली मांडलं. एका बोगद्यापुरतं ते पुरे. पण खऱ्या खाणीत शेकडो बोगदे एकमेकांत गुंतलेले असतात. एकातली हवा हलली की साऱ्यांतली हलते. तोड निघाली ती भलत्याच खात्यात. इलिनॉय विद्यापीठातले हार्डी क्रॉस यांनी १९३६ मध्ये पाण्याच्या नळांच्या जाळ्यासाठी एक युक्ती सुचवली: प्रवाह अंदाजाने धरायचा आणि दाब जुळेपर्यंत फेऱ्यामागून फेरा घेत चूक कमी करायची. १९५१ मध्ये स्कॉट आणि हिन्सले यांनी तीच खाणीतल्या हवेला लावली. हाताने करायची तर ही निव्वळ घाण्याची फेरी. पुढे ती संगणकाच्या गळ्यात पडली.

आगीमुळे पेच वाढतो, कारण आग स्वतःच पंखा बनते. तापलेली हवा चढाकडे ओढ घेते, शिवाय फुगल्यामुळे बोगद्यात तुंबते. उतारावरून हवा खाली जात असेल तर ही ओढ पंख्याच्या विरुद्ध पडते. आग पुरेशी भडकली की हवा उलटते आणि ताज्या हवेच्या वाटेनेच धूर वर येऊ लागतो. मिशिगन टेक विद्यापीठातले रुडॉल्फ ग्रॉयर आणि अमेरिकेचं ब्युरो ऑफ माइन्स यांच्या कामातून हा हिशेब मांडणारा ‘एमफायर’ हा प्रोग्रॅम उभा राहिला.

जुना एमफायर बोगद्याला नुसती रेघ समजे. धूर त्यात सगळीकडे सारखा मिसळलेला धरे. प्रत्यक्षात धूर छताला चिकटून वाऱ्याच्या उलटही सरकू शकतो. ही चाल आणि माल वाहणाऱ्या पट्ट्यावरून पुढे सरकणारी आग हिशेबात आली ती ‘नायॉश’ संस्थेने काढलेल्या ३.० आवृत्तीत. बोगद्याची रुंदी, हवेचा वेग, दोन टोकांमधला दाब हे आकडे मात्र अजून बहुतेक वेळा माणसांनाच खाली उतरून मोजावे लागतात, आणि खोदकाम पुढे सरकलं की पुन्हा मोजावे लागतात.