डोंगराचा करार



डोंगरउतारावर राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही : वर जे घडते ते खाली येते. आता हवामान बदलते आहे, थोड्या वेळात फार पाऊस कोसळतो आहे. त्याला तोंड देण्याची आखणी कुणी करावी, आणि ती गावापर्यंत कशी पोहोचावी? हा प्रश्न घेऊन आज आपण युरोपातील आल्प्स पर्वतात जाऊ. तिथली माणसे या प्रश्नाशी फार दिवस झुंजत आली आहेत.

स्वित्झर्लंडमध्ये आन्डरमाट नावाचे खेडे आहे. गावाच्या डोक्यावरच्या रानात कुणी कुऱ्हाड घालू नये, असा लेख तिथल्या खोऱ्यातील लोकांनी १३९७ साली करून ठेवला. हिवाळ्यात उतारावरून बर्फ कोसळे, ते ही झाडे अडवीत. आपल्या देवराईला देवाचा धाक, तिथे गावकीचा. एवढाच काय तो फरक.

पण गावकीचा नियम गावच्या शिवेपुरता, आणि पाण्याला शीव कुठली? १८६८ च्या शरद ऋतूत मोठे पूर आले. अनेक खोरी बुडाली, सुमारे पन्नास माणसे दगावली. खालचे लोक म्हणू लागले, ‘वरच्यांनी जंगल तोडले, भोगतो आम्ही.’ मग १८७४ च्या राज्यघटनेने उंच डोंगरांतील वनांवर मध्यवर्ती सरकारची देखरेख आणली आणि १८७६ साली कायदा झाला : डोंगरी वनांचे क्षेत्र घटता कामा नये.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आजचे अभ्यासक म्हणतात की दोष एकट्या कुऱ्हाडीचा नव्हता. त्या वर्षीचा पाऊसच विलक्षण होता. म्हणजे निदान अपुरे होते. तरीही उपाय वाया गेला नाही, कारण वरचे गाव आणि खालचे गाव प्रथमच एका नियमात बांधले गेले.

पुढे देशांच्या सीमाही अपुऱ्या पडल्या. १९९१ साली साल्झबुर्ग येथे आल्प्सच्या रक्षणाचा करार झाला. आज त्यात आठ देश आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आल्प्सचे तापमान सुमारे २ अंशांनी वाढले आहे, हिमनद्या मागे सरत आहेत. म्हणून २०१९ साली या देशांनी २०५० पर्यंतची हवामानविषयक उद्दिष्टे एकत्र ठरवली.

कागदावरच्या आखणीने जीव वाचतो का, असे तुम्ही विचाराल. मे २०२५ मध्ये ब्लाटेन गावावरचा कडा हलू लागला. त्यावर नजर ठेवणाऱ्यांनी इशारा दिला, आणि सुमारे तीनशे गावकऱ्यांनी गुरांसकट गाव सोडले. २८ मे रोजी हिमनदी कोसळली, जवळजवळ सारे गाव गाडले गेले. एका माणसाचा जीव गेला, बाकीचे वाचले. घरे गेली, त्यांचे दुःख मोठेच. पण इशारा वेळेवर आला आणि लोकांनी तो मानला.

आता घरी परतू. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण डोंगराखाली गेले. १५१ माणसे दगावली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा बाहेर बातमी कळली. ब्लाटेनला दरड कोसळण्याआधी खबर होती. माळीणला नंतरही कुणी बाहेरून यावे लागले. या दोन घटनांमधले अंतर आपल्याला तोडायचे आहे.

आपल्याकडे आखणी झालीच नाही असे नाही. सह्याद्री सहा राज्यांत पसरला आहे. डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ साली आणि डॉ. कस्तुरीरंगन यांच्या समितीने २०१३ साली त्याविषयी अहवाल दिले. कोणता भाग जपावा आणि कोणती कामे थांबवावीत, याचा केंद्राचा मसुदा २०१४ ते २०२४ या काळात सहा वेळा निघाला. सहाही वेळा तो मसुदाच राहिला. आपली शेती जाईल, घर बांधता येणार नाही, हे भय लोकांच्या मनात होते. ते भय समोर बसून दूर करायला हवे होते. गाडगीळांच्या समितीचे म्हणणेही हेच होते, की निर्णयात ग्रामसभेला विचारावे.

म्हणून शिक्षकबंधूंना एक सुचवतो. या पावसाळ्यापूर्वी मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्या. झरे कुठे, जुन्या दरडी कुठे, जमिनीला भेगा कुठे, हे म्हाताऱ्यांना विचारून त्यावर मांडा. मग तो नकाशा ग्रामसभेत वाचून दाखवा. आन्डरमाटच्या लोकांनीही आरंभ आपल्या डोक्यावरच्या रानापासूनच केला होता.