हिमावरण निरीक्षण, वनाच्छादित पर्वतांतील

हिवाळ्यात पर्वतांवर साचलेल्या हिमाचा विस्तार कृत्रिम उपग्रहांनी घेतलेल्या प्रतिमांवरून ठरविण्याची पद्धती. सिंधू, सतलज यांसारख्या नद्यांना वसंत ऋतूत व उन्हाळ्याच्या प्रारंभी मिळणारे बरेचसे पाणी हिम वितळून येते. धरणात किती पाणी राखावे व कालव्यांना किती सोडावे, हे त्याच्या पूर्वानुमानावर अवलंबून असते. उघड्या उतारावरील हिम उपग्रहास सहज दिसते. वृक्षांखालील हिम मात्र दिसत नाही. या शास्त्रशाखेचा इतिहास पुष्कळ अंशी या अडचणीचाच इतिहास आहे.

हिमाच्या नोंदींचे महत्त्व उपग्रहांपूर्वीच ओळखले गेले होते. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये हिमालयातील हिमवर्षाव आणि भारतातील अवर्षण यांचा संबंध मांडला. अमेरिकेत नेव्हाडा विद्यापीठातील जेम्स चर्च यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मौंट रोझ या शिखरावर पोकळ नळी हिमात खुपसून, आतील हिमाचे वजन करून त्याचे जलमान काढण्याची रीत बसविली. चर्च हे मूळचे लॅटिनचे प्राध्यापक होते, ही गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. टाहो सरोवराच्या पातळीतील वाढ जलमानावरून आधी सांगता येते, हे त्यांनी दाखविले. अतिदाट रानापेक्षा मधूनमधून मोकळ्या जागा असलेल्या वनात हिम अधिक टिकते, हेही त्यांनी प्रतिपादिले. परंतु नळी घेऊन माणूस जाऊ शकेल तेवढ्याच जागांची मोजणी या रीतीने होई.

१ एप्रिल १९६० रोजी सोडलेल्या टायरॉस-१ या उपग्रहाच्या प्रतिमांत कॅनडाच्या पूर्व भागातील हिम ओळखता आले. १९६६ पासून उत्तर गोलार्धाचे साप्ताहिक हिमनकाशे तयार होऊ लागले. अशा नोंदींच्या आधारे डी. जी. हान व जगदीश शुक्ल यांनी १९७६ मध्ये यूरेशियातील हिमावरण व भारतातील मोसमी पाऊस यांच्यातील व्यस्त संबंध दाखविला व ब्लॅनफर्ड यांच्या जुन्या कल्पनेस नवे बळ मिळाले. पुढील वर्षी अल्बर्ट रँगो व त्यांचे सहकारी यांनी सिंधू व काबूल या नद्यांच्या खोऱ्यांतील हिमाच्छादित क्षेत्रावरून त्यांच्या हंगामी प्रवाहाचे अनुमान केले. १९८० नंतरच्या दशकात भारताच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने भाक्रा धरणाकडे येणाऱ्या सतलजच्या पाण्यासाठी ही पद्धती अवलंबिली. २३ जुलै १९७२ रोजी सोडलेल्या लँडसॅट-१ च्या प्रतिमांत सु. ८० मी. पर्यंतचा तपशील दिसे. तथापि तो एका जागेवर १८ दिवसांनी येई आणि त्या दिवशी ढग असले, तर वितळण्याच्या ऐन काळातील महत्त्वाची नोंद हुकत असे.

वनातील अडचण निराळी आहे. ताजे हिम दृश्य प्रकाशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परावर्तित करते, तर देवदार, फर, स्प्रूस यांसारखे सूचिपर्णी वृक्ष अगदी थोडा. फांद्यांवरील हिम एकदोन दिवसांत गळून पडले किंवा उडून गेले की, वरून पाहता रान पुन्हा काळसर दिसते, जमिनीवर मात्र हिम तसेच असते. त्यात उत्तरेकडील उतारांवर डोंगराची सावली पडते. ही सावली हिमाला झाकते, तशीच ते टिकवूनही धरते. त्यामुळे जे हिम सर्वांत उशिरा वितळून नदीला मिळावयाचे, तेच नकाशातून गळण्याचा संभव असतो व अनुमान कमी निघते.

सु. १·६ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रारणात हिम काळे, तर ढग बहुधा पांढरे दिसतात. १९८२ मध्ये सोडलेल्या लँडसॅट-४ वर या पट्ट्याची सोय झाली व त्यामुळे हिम आणि ढग यांची गल्लत बरीच कमी झाली. हिरव्या व या अवरक्त पट्ट्यातील परावर्तनांच्या फरकास त्यांच्या बेरजेने भागले असता हिम निर्देशांक मिळतो. तो सामान्यतः ०·४ हून अधिक असल्यास तेथे हिम आहे, असे धरीत. वनात तो इतका चढत नाही. ए. जी. क्लाइन, डी. के. हॉल व जी. ए. रिग्ज यांनी १९९८ मध्ये यावर उपाय सुचविला. हिम पडल्यावर वनाचा वनस्पती निर्देशांक उतरतो, म्हणून दोन्ही निर्देशांक एकत्र पाहून वनक्षेत्रात हिमाची मर्यादा खाली आणावी, असा तो होता. टेरा उपग्रहाच्या (१९९९) ५०० मी. हिमनकाशांत तो प्रथम वापरला गेला. फिनलंडमध्ये, तो देश फारसा पर्वतमय नसला तरी, सारी मेत्सॅमॅकी व इतरांनी २००५ मध्ये वृक्षछत्रातून किती प्रकाश पार होतो हे प्रत्येक क्षेत्रासाठी आधीच ठरवून त्याखालील हिमाचे प्रमाण काढले. सूक्ष्मतरंग ढगांतून पार होतात. परंतु झाडे स्वतःच त्यांचे उत्सर्जन करीत असल्याने दाट वनात हिमाचा संकेत लोपतो.

भारताने १७ ऑक्टोबर २००३ रोजी सोडलेल्या रिसोर्ससॅट-१ वरील ५६ मी. विभेदनाच्या कॅमेऱ्याने हिमालयातील खोऱ्यांची दर पाच दिवसांनी पाहणी शक्य झाली. विमानातून लेसर किरण सोडून झाडांच्या फटींतून हिमाची जाडी मोजण्याचे काम कॅलिफोर्नियातील ट्वालमी नदीच्या खोऱ्यात २०१३ मध्ये सुरू झाले. २०१७ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेने कोलोरॅडोतील ग्रँड मेसा या वनाच्छादित पठारावर निरनिराळी उपकरणे एकाच वेळी पारखून पाहिली. त्यांची वाचने पडताळण्यासाठी संशोधकांना रानात खड्डे खणून हिमाची घनता हातानेच मोजावी लागली.